वाळूखालची काळी

शोनवासर, मॅनिटोबा
६ ऑगस्ट १९५६

इस्ब्रांद,

'प्रिय' लिहिलेलं नाही. विसरून नव्हे, मुद्दाम.

तुझ्या सरकारी माती-खात्याचा नकाशा गावात आला. ओम दिर्कने तो गिरणीच्या दाराशी ठोकून ठेवलाय, दळायला येणाऱ्या प्रत्येकाने बघावा म्हणून. तू गाव सोडलंस तेव्हा दिर्क हार्डर नुसता गिरणीवाला होता. आता उपदेशक आहे, म्हणून 'ओम', आणि वर गावचा प्रमुखही. म्हणजे स्वर्ग, रस्ता आणि पीठ, तिन्ही एकाच माणसाच्या हातात.

तर नकाशा. गिरणीमागची जमीन तुम्ही काळी रंगवलीत, शाळेमागची काळी, शेजारच्या टेव्सांची काळी. आणि नदीच्या वळणातली, म्हणजे बाबांची, म्हणजे आता माझी, ती फिक्कट पिवळी. शेजारी बारीक अक्षरात: 'पूरमैदानाची कच्ची माती. वर वाळूचा थर. प्रत पाचवी. चराईपुरती.'

चराईपुरती! ज्या जमिनीत बाबांचा बूट रुतला की पाय बाहेर यायचा आणि बूट आतच राहायचा, ती! उन्हाळ्यात जिच्या भेगांत तू खेळण्यातले घोडे हरवलेस आणि मला काढायला लावलेस, ती! जाताना तू म्हणालास, "युस्टिना, माझाही वाटा तूच घे. मला माती नको, मला शिकायचंय." आणि शिकलास काय, तर मातीच. आणि तिला नावं ठेवायला.

गेल्या वर्षी बर्फ वितळताना पूर आला आणि माझ्या शेतावर वाळू पसरली, हे खरं. पण आता पुढचं ऐक. तुमच्या नकाशाचा आधार घेऊन गावच्या बैठकीत ठरलं की वळणावरचा बांध पुरानंतर जेमतेम कमरेइतका भरलाय, तो तसाच ठेवायचा. नदी चढली की पाणी तिथून माझ्या शेतात सोडायचं. दरवेळी. कायमचं. कारण ती 'चराऊच' आहे. बैठकीला अर्थात फक्त पुरुष. कोर्नी घरी आला, मान खाली घालून सूप प्यायला आणि गोठ्यात गेला. माझा नवरा एरवीही फार बोलत नाही, पण परवा तर भिंतसुद्धा त्याच्यापेक्षा बोलकी वाटली.

आपल्या पंथात रागावणं पाप आहे. ते मी या पत्रात भरपूर केलंय, तेव्हा उत्तर तरी धड दे.

युस्टिना


विनिपेग
१३ ऑगस्ट १९५६

प्रिय युस्टिना,

मी 'प्रिय' लिहितो. दोघांपैकी एकाने तरी रीत पाळावी.

तो नकाशा मी केलेला नाही. त्या भागात माझा सहकारी गेला होता. पण त्याने चूक केलीय असंही मला म्हणवत नाही. मातीची प्रत म्हणजे अपमान नसतो. ती काय होती, कुणाच्या बापाची होती, हे आम्ही लिहीत नाही. आज तिथे काय आहे ते लिहितो. वर किती वाळू, खाली किती चिकण, रंग कुठे बदलतो, पाणी मुरतं की साचतं. नदीकाठची माती नदीनेच आणलेली असते. काही वर्षं गवत वाढतं, ते कुजून काळा थर होतो. मग पूर येतो आणि त्यावर फिका थर टाकून जातो. अशी थरावर थर. नदीने गेल्या वर्षी वाळू टाकली, तर माती वाळूची झाली. नदीवर रागावून काय करणार?

आणि एक विचारतो, चिडू नकोस. कोर्नीने बांधाची देखभाल वेळेवर केली होती ना? बिळं बुजवली होती? तुझा नवरा चांगला माणूस आहे, पण 'उद्या बघू'वाला आहे.

तुला खरंच वाद घालायचा असेल तर शेताच्या मध्यावर एक खड्डा खण. बाजू सरळ ठेव, भिंतीसारखी. आणि वरून खाली काय काय दिसतं ते, मनात काही न धरता, मला लिही.

इस्ब्रांद


शोनवासर
२५ ऑगस्ट

इस्ब्रांद,

'मनात काही न धरता'! विनिपेगमध्ये राहून तू आपल्या बोलीलाही कोट-टाय घातलास रे.

खणला खड्डा. मी एकटीने. कोर्नीला म्हटलं चल, तर त्याची पाठ दुखायला लागली. खणायचं नाव काढेपर्यंत ती ठणठणीत होती.

वरून सांगते. आधी वाळू, गुडघ्याच्या वर. पण नुसती वाळू नाही. तिच्यात चिकण मातीचे गोळे आहेत, कणकेचे असावेत तसे गोल, काही मुठीएवढे, काही पावाएवढे. फोडले तर आत काळं आणि पिवळट एकत्र कालवलेलं आणि चुन्याचे पांढरे दाणे. त्याखाली गव्हाची जुनी धसकटं, सगळी एकाच दिशेला आडवी, कुणी फणीने विंचरावीत तशी. आणि त्याखाली काळी. इस्ब्रांद, ती तिथेच आहे! जशीच्या तशी. ओली, जड, हातात घेतली तर साबणासारखी चकाकणारी. मी तिथेच बसले आणि बोटं आत खुपसली.

तेवढ्यात रस्त्यावर ओम दिर्कचा ट्रक थांबला.

"ताँत युस्टिना, खजिना सापडला का काही?" गावाने आता मलाही 'ताँत', म्हणजे मावशी, करून टाकलंय.

"सापडला," मी म्हटलं. "जमीन सापडली. नकाशावरून हरवली होती."

"देवाने जे झाकलं ते उकरू नये."

"देवाने झाकलं असेल तर देव सांगेल मला. तुम्ही गिरणी सांभाळा."

त्याने सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकली आणि गाडी पुढे काढली. पण गेला नाही लगेच. वळणापाशी पुन्हा थांबून बघत होता.

आणि कोर्नीबद्दल पुन्हा असं लिहायचं नाही. त्या बांधातलं प्रत्येक बीळ त्याने स्वतः बुजवलं होतं. माझ्या नवऱ्याला नावं ठेवायची तर मी ठेवीन.

युस्टिना


विनिपेग
२९ ऑगस्ट १९५६

युस्टिना,

ते गोळे नीट ठेव. ओल्या फडक्यात गुंडाळून, थंड जागी.

गावाने सरकारला काय कळवलंय ते आज फाइलमध्ये पाहिलं. 'नदीचे पाणी बांधाच्या संपूर्ण लांबीवरून वाहून शेतात आले.' असं पाणी हळूहळू पसरतं आणि मागे सोडतं तो बारीक गाळ, सगळीकडे सारखा. वाळू ते उचलू शकत नाही, आणि मातीचे गोळे तर नाहीच नाही. काळं-पिवळं कालवलेलं आणि त्यात चुना, अशी माती शेतात आपल्या आपण होत नाही. पन्नास सालच्या महापुरानंतर गावाने खोल चर खणून, खालची-वरची माती एकत्र करून बांध घातला होता ना? ती बांधाची माती आहे. बांध एका जागी फुटला आणि पाणी तिथून गर्दीने घुसलं.

वाळूच्या कडेकडेने चाल. कुठे जाड आहे, कुठे पातळ, खडे कुठे आहेत ते बघ. धसकटं कुठून कुठे झोपलीयेत ते बघ. कोणाला काही बोलू नकोस.

मी चूक बोललो असं अजून म्हणत नाही. पण मी पुरेसं पाहिलं नव्हतं.

इस्ब्रांद


शोनवासर
५ सप्टेंबर

इस्ब्रांद,

चालले. पंख्यासारखी आहे वाळू. तळाकडे, टेव्सांच्या कुंपणापाशी, बोटभर. वर येता येता घोटा, मग गुडघा, आणि पंख्याची मूठ वळणावर जिथे बांध कमरेइतकाच उरलाय, थेट त्या खिंडाराला जाऊन मिळते. तिथे अक्रोडाएवढे खडे. धसकटं सगळी तिथूनच पळत सुटल्यासारखी. माझ्या काळ्या जमिनीवरची सगळी वाळू त्या एका दारातून आली.

कोर्नीला विचारलं. म्हणाला, "बर्फाच्या लाद्यांनी धक्का दिला असेल."

"असेल? तू तर इथे होतास. आम्हा बायका-पोरांना तुम्ही टेकाडावरच्या गावाला पाठवलंत, मागे पुरुषच राहिले होते. दिसलं नाही?"

"पाणी होतं सगळीकडे," म्हणाला, आणि दूध काढायला गेला. गाईंचं दूध तासाभरापूर्वीच काढून झालं होतं.

तू ये. खालची माती काढायचं तुझं ते गिरमिट घेऊन ये. पनीर भरलेले वारेनिके करीन, पण फार गोड बोलणार नाही.

युस्टिना


विनिपेग
१८ सप्टेंबर १९५६

प्रिय युस्टिना,

तुझ्या घरून निघालो तो दोन दिवस कोणाशी नीट बोललेलो नाही.

शेतात तुला जे सांगितलं नाही ते आता लिहितो, कारण तेव्हा ओम दिर्क माझ्या खांद्यावरून डोकावत होता. बर्फाची लादी बांधाला धडकते तेव्हा ओरबाडते. माती चिरडते, पुढे ढकलते, कडा फाटक्या राहतात. पाण्याने फोडला तर कडा आत ढासळते, वाटीसारखी. मी खिंडारातला नंतरचा भराव जरासा खरवडला. खालची कड सरळ आहे, युस्टिना. पावाची वडी कापावी तशी. आणि तिच्यात पायऱ्या आहेत, फावड्याच्या रुंदीच्या, कारण खोल खणताना माणूस पायरी करूनच खणतो. आपली चिकण माती काहीही विसरत नाही. फावड्याच्या पात्याने गुळगुळीत झालेला भाग अजून चकाकतोय.

बांध फुटलेला नाही. कापलेला आहे.

मी दिर्कला विचारलं तेव्हा त्याने काय उत्तर दिलं ठाऊक आहे? "विद्यापीठात पाहुणचाराची रीत शिकवत नाहीत वाटतं." मी म्हटलं, "फावडं ओळखायला शिकवतात." तो हसला. खरंच हसला!

मी गप्प बसणार नाही. वर्तमानपत्राला लिहीन, मंत्र्याला लिहीन, पोलिसांना बोलावीन. गावाने तुझं शेत बुडवलं, सरकारला खोटं कळवलं आणि आता आमच्याच नकाशाने ते कायमचं बुडवायला निघालेत.

आणि आणखी एक. जेवताना कोर्नीने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. त्याला नीट विचार.

इस्ब्रांद


शोनवासर
२४ सप्टेंबर

इस्ब्रांद,

विचारलं.

तो बटाटे काढत होता. मी वाफ्याच्या तोंडाशी उभी राहिले, म्हणजे त्याला गोठा गाठता येऊ नये. म्हटलं, "बांध कोणी कापला?"

त्याने बटाटा पुसला. तो पुसतच राहिला. मग म्हणाला, "मी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"सगळ्यांनी मिळून," तो म्हणाला. "पण पहिलं फावडं माझं."

मग एकेक शब्द ओढून काढावा लागला. गुड फ्रायडेची दुपार होती. पाणी बांधाच्या काठाला टेकलं होतं. गिरणीच्या बाजूने झिरपायला लागलं होतं. पोत्यात भरायला काही नाही. माती खाली गोठलेली, वर चिखल, फावड्याला चिकटली की सुटेना. सगळे गिरणीत जमले. दिर्क म्हणाला, कुठेतरी पाणी सोडलं नाही तर शाळा, चर्च, घरं, सगळं जाईल. कुठे सोडायचं ते कोणी बोलेना. तेव्हा माझा नवरा, जो घरी मीठ मागायलाही तोंड उघडत नाही, तो बोलला. "आमचं वळण सगळ्यात खोलगट आहे. तिथे कापा."

आमचं!

मी म्हटलं, "जमीन माझ्या बापाची. माझ्या नावावर. तू देऊन टाकलीस?"

"गाव वाचलं, युस्टिना."

"मला का नाही विचारलंस? टेकाडावर माणूस पाठवायला किती वेळ लागला असता? टेव्सांचा ट्रॅक्टर उभाच होता."

"मला वाटलं तू हो म्हणशील."

"मग विचारायचं होतं!"

"आणि नाही म्हणाली असतीस तर?"

बघ, इस्ब्रांद. हेच ते. त्यांना माझा होकार नको होता, कारण त्याच्या पोटात नकारही असतो. आणि नंतर? नंतर दिर्कने सगळ्यांकडून कबूल करून घेतलं की बांधावरून पाणी आलं असंच सांगायचं, म्हणजे कोणाच्या मनात किल्मिष राहणार नाही. दीड वर्ष! दीड वर्ष मी त्या वाळूवर उभी राहून देवाला विचारत होते, माझं काय चुकलं. आणि हा शेजारी उभा राहून टोपी हातात फिरवत होता.

मी बटाट्याची पाटी त्याच्या अंगावर फेकली. आयुष्यात पहिल्यांदा कोणावर काही फेकलं. एक त्याच्या कपाळावर बसला. त्याने हात वर केला नाही, सरकला नाही, त्याचा मला आणखीच राग आला.

तू वर्तमानपत्राला काही लिहायचं नाहीस. पोलिसांनाही नाही. हे माझं आहे. मीच करीन.

युस्टिना


विनिपेग
२८ सप्टेंबर १९५६

युस्टिना,

काय करशील? आपल्या लोकांत कोर्टात जात नाहीत, पोलिसांना बोलावत नाहीत, वाईटाला विरोध करत नाहीत, दुसरा गाल पुढे करतात. हा शांतिधर्म कोणाच्या सोयीचा आहे ते कधी पाहिलंयस? मारणाऱ्याच्या. मी त्या गावातून नुसता शिकायला निघालो असं तुम्हाला वाटतं. मी त्या गप्प बसण्यातून निघालो.

आज मी नकाशाच्या टिपणात लिहिलं, 'वाळूचा थर मानवी हातांनी कापलेल्या बांधातून आला आहे. खाली मूळ काळी चिकण माती शाबूत.' साहेबांनी 'मानवी हातांनी कापलेल्या' वर रेघ मारली. म्हणाले, "क्लासेन, आपण मातीची वर्गवारी करतो, माणसांची नाही." मी आवाज चढवला. सगळं ऑफिस टाइप करायचं थांबलं. पण रेघ तशीच राहिली. 'खाली काळी शाबूत' तेवढं ठेवलंय. प्रत मात्र पाचवीच. वाळू निघेपर्यंत ती पाचवीच राहणार; खोटं मलाही लिहिता येणार नाही.

मला खटला भरू दे. जमीन सोडताना मी तुला दिली होती, दिर्क हार्डरला नाही.

इस्ब्रांद


शोनवासर
९ ऑक्टोबर

इस्ब्रांद,

खटला नाही. पण मी गप्पही बसले नाही. रविवारी सुगीच्या आभाराची प्रार्थना होती. वेदीपुढे भोपळे, कोबी, गव्हाच्या पेंढ्या. प्रत्येक घराने आपापल्या शेतातलं आणून ठेवलं होतं. मी एका डब्यात वाळू नेली आणि भोपळ्यांच्या मध्ये ठेवली.

ओम दिर्क आभार मानत होता. उभं पीक दिल्याबद्दल, पुरातून वाचवल्याबद्दल. 'पुरातून वाचवल्याबद्दल' ऐकलं आणि मी बायकांच्या बाजूला उठून उभी राहिले. आपल्या चर्चमध्ये बाई उभी राहते ती गाण्यासाठी. सगळ्यांनी गाण्याची पुस्तकं उघडली!

मी म्हटलं, "ओम दिर्क, देवाचे आभार मानायच्या आधी माझे माना. तुम्हाला पुरातून मी वाचवलं. मला न विचारता."

एका बाकावर कुणाचं तरी बाळ अंगठा चोखत होतं, तेसुद्धा मला ऐकू आलं.

दिर्क हळुवार बोलायला लागला, आजाऱ्याशी बोलतात तसं. "ताँत युस्टिना, तुमचं दुःख आम्हाला कळतं. गाव तुम्हाला मदत करायला तयार आहे. आपण सगळे मिळून..."

"मदत नको."

"मग काय हवंय?"

"ज्याला जे नाव आहे ते द्या. छप्पर उडून गेलेल्याला करतात ती मदत. तुम्ही माझं छप्पर काढलंत. तुम्ही वाळू काढायची आहे आणि बांध उंच करायचा आहे, कारण तो तुम्ही कापलात. आणि हे आत्ता, इथे, मोठ्याने बोला."

"राग हे पाप आहे, भगिनी."

"आणि खोटं?"

त्याचा चेहरा भोपळ्यासारखा झाला. तेव्हा पुरुषांच्या बाजूला बाक करकरला. कोर्नी. टोपी हातात, कपाळावर माझ्या बटाट्याचा डाग. "पहिलं फावडं माझं होतं," तो म्हणाला. "मी तिला सांगितलं नाही. विचारलंही नाही." आणि उभाच राहिला. मला वाटलं आता दुसरा कोणी उठेल. बऱ्याच वेळाने म्हातारा टेव्स उठला, काठीवर. मग त्याचा जावई. बस्स. बाकीचे भोपळे बघत बसले.

निकाल काय, ऐक. संध्याकाळी उपदेशकांची बैठक झाली. प्रार्थनेत अडथळा आणल्याबद्दल आणि क्रोधाबद्दल मी क्षमा मागेपर्यंत मला प्रभुभोजनाच्या पंक्तीत बसायला मनाई. बांध कापणारे सगळे बसणार. मी नाही.

मी दिर्कला निरोप पाठवला की क्षमा मागायची यादी गावात मोठी आहे, माझा नंबर शेवटी येऊ दे.

कोर्नी, टेव्स आणि त्याचा जावई जमीन गोठायच्या आत खिंडार भरून काढतायत. मी त्यांना कॉफी नेऊन देते. कोर्नीचा कप खाली ठेवते, हातात देत नाही.

युस्टिना


विनिपेग
२ जानेवारी १९५७

प्रिय युस्टिना,

नाताळला तू लिहिलं नाहीस, म्हणून मी लिहितो. तुझी बातमी मला दुसऱ्या गावच्या माणसाकडून कळावी लागली. बायका आता तुझ्याकडून अंडी घेत नाहीत म्हणे. कोर्नी चर्चला जातो, प्रभुभोजनाच्या वेळी उठून बाहेर येतो आणि घोड्यापाशी थंडीत उभा राहतो म्हणे. त्याच्यावर मनाई नसतानाही.

हे ऐकून मला काय वाटलं ते मला लिहिता येत नाही. त्याला 'उद्या बघू'वाला म्हटलं होतं, ते मागे घेतो. बाकीचं मागे घेत नाही.

हवं तर इथे ये. माझ्याकडे खोली आहे. यंदा पश्चिमेच्या डोंगरावर बर्फ खूप आहे, सगळं खातं काळजीत आहे. तुमची नदी एप्रिलमध्ये चढेल. दिर्क तेव्हा काय करेल याचा विचार कर आणि त्याआधी तिथून नीघ.

तुझा,
इस्ब्रांद


शोनवासर
२५ एप्रिल १९५७

प्रिय इस्ब्रांद,

निघाले नाही. बायका-पोरांना टेकाडावर न्यायला ट्रॅक्टर आले तेव्हाही नाही. दिर्कचा मुलगा म्हणाला, "ताँत युस्टिना, चढा." मी म्हटलं, "मागच्या वेळी चढले होते."

ईस्टरनंतरचा मंगळवार. दुपारपर्यंत पाणी बांधाच्या तोंडाशी आलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. रस्त्याने पुरुष आले, सगळे, हातात फावडी. पुढे दिर्क. कोर्नी माझ्याआधी दारात गेला आणि उंबऱ्यावर आडवा उभा राहिला. एवढा मोठा माणूस, दार पूर्ण भरलं. मीच त्याला म्हटलं, "सरक, बघू दे."

ते अंगणात थांबले. कोणी आत आलं नाही. दिर्कने टोपी काढली. चिखलाने माखला होता कमरेपर्यंत, आवाज बसलेला.

"गिरणीकडची बाजू सुटायला आलीय," तो म्हणाला. "आम्ही... विचारायला आलोय."

"काय विचारायला? नीट विचारा."

त्याला फार जड गेलं. "तुमच्या वळणावर बांध कापू का? मागच्या वेळी कापला तसा."

हे सगळ्यांसमोर बोलला. मला वाटलं होतं की हे ऐकलं की छातीवरचा दगड उतरेल. नाही उतरला. उलट आणखी राग आला, की एवढंच वाक्य होतं आणि त्यासाठी मला दोन वर्षं झुरवलंत.

मी म्हटलं, "नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, "पोरांची शाळा आहे, ताँत!" दुसरा म्हणाला, "विचारलं ना आता?"

"विचारलंत. आणि मी नाही म्हणाले. विचारण्याचा अर्थ हाच असतो. गिरणीत रिकामी पोती किती आहेत?"

दिर्क म्हणाला, "आहेत ढीगभर. पण भरायचं काय? चिखल फावड्यालाच..."

"माझ्या शेतात वाळू आहे," मी म्हटलं. "फावड्याला चिकटत नाही. उन्हाने वरचा हातभर थर मोकळा झालाय. कोर्नीने सकाळीच खणून पाहिलाय. न्या. सगळी न्या!"

मग म्हातारा टेव्स हसायला लागला, खोकला येईपर्यंत. आणि सगळे पळाले.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी जे झालं ते तू पाहायला हवं होतंस. दिर्क हार्डर माझ्या शेतात पोत्याचं तोंड धरून उभा आणि मी फावड्याने भरतेय. एकदा म्हणाला, "थोडं दमाने, युस्टिना." मी म्हटलं, "पोतं नीट धरा." टेकाडावरून बायका परत आल्या, ज्या माझी अंडी घेत नव्हत्या त्याही, आणि ट्रेलरवर पोती चढवायला लागल्या. कोणी माझ्याशी बोललं नाही. पण माझ्या शेजारी खणत होत्या.

गिरणीकडची बाजू टिकली. पूर्ण नाही, गिरणीच्या तळघरात पाणी शिरलं, दिर्कचा पिठाचा बराच साठा लगदा झाला. मला वाईट वाटलं नाही, आणि वाटलं असं मी सांगणारही नाही. शाळा कोरडी आहे. आज सकाळपासून नदी उतरतेय.

क्षमा मी मागितलेली नाही. बंदी उठलेली नाही. दिर्क काल म्हणाला, "उपदेशकांशी बोलतो." मी म्हटलं, "आधी चर्चमध्ये उभे राहून ते बोला, जे माझ्या अंगणात बोललात. मग माझ्या पंक्तीचं बघू." तो गेला. बोलेल की नाही, माहीत नाही. रविवारी कळेल.

कोर्नीने काल विचारलं, "आयुष्यभर रागावणार का?" मी म्हटलं, "बघते." आणि कॉफी त्याच्या हातात दिली.

जूनमध्ये ये, गिरमिट घेऊन. नवीन नकाशा कर. वरच्या अंगाला, खिंडारापासून मधल्या कुंपणापर्यंत, काळी उघडी पडलीय. आज सकाळी तिच्यावर चालले तर बूट ओढून घेतला. पण खालच्या अंगाला वाळू अजून तशीच आहे. तिथे काळी लिहू नकोस, मला बरं वाटावं म्हणून सुद्धा. अर्धं शेत पहिली प्रत, अर्धं पाचवी. आहे तसं लिही.

तुझी,
युस्टिना